फक्त चवीपुरती! दोन बिड्या आणि एक क्यूबन सिगार



गेल्या हिवाळ्यात अमरावतीत एका मित्राच्या मुलाचं रिसेप्शन होतं. जेवणं आटोपली, पाहुणे पांगले आणि लॉनच्या कोपऱ्यात आमची पाच-सहा जणांची बैठक जमली. दोन डॉक्टर, एक बिल्डर, एक जिनिंगवाले, एक निवृत्त अधिकारी. तेवढ्यात कुणाच्या तरी परदेशात राहणाऱ्या मुलाने वडिलांसाठी आणलेली लाकडी पेटी निघाली. आत बोटभर लांबीचे, हाताने वळलेले छोटे क्यूबन सिगार.

“डॉक्टर, घ्या एक. हा ओढायचा नसतो, चाखायचा असतो,” यजमान म्हणाले. मग त्यांनी चव समजावून सांगितली. सुरुवातीला देवदाराच्या लाकडाचा वास, मध्यात कॉफी आणि कोको, शेवटाकडे काळी मिरी. धूर आत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. मी पेटीवर नाक धरलं. खोटं कशाला बोलू, वास खरोखर सुंदर होता. मी सिगार ओढला नाही, पण बोललोही काही नाही. हसलो आणि फोटोत उभा राहिलो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ओपीडीत साठीचे एक गृहस्थ आले. खोकला, दम, बोटांची टोकं पिवळी. फाईल बघूनच माझा आवाज चढला. “बाबाजी, किती वेळा सांगायचं? बिडी सुटली नाही ना अजून?”

ते खाली मान घालून म्हणाले, “साहेब, आता दोनच पेतो जी. जेवल्यावर. तिची चवच तशी हाय, काय करू?”

मी आणखी दोन शब्द सुनावणार होतो, तेवढ्यात लॉनवरचा कोपरा आठवला. वाक्य तेच होतं. लॉनवर ऐकलं तेव्हा मी हसलो होतो, ओपीडीत ऐकलं तेव्हा ओरडलो. म्हणून आजचा हा लेख ‘चव’ या एका शब्दाविरुद्ध आहे, आणि थोडासा माझ्याविरुद्धही.

चव खरी आहे, हे आधी मान्य करू

आम्ही डॉक्टर नेहमी एक चूक करतो. तंबाखूत काहीच चांगलं नाही, असं सांगायला लागतो. समोरच्याला स्वतःच्या अनुभवावरून माहीत असतं की हे खरं नाही. मग तो आमचं पुढचं काहीच ऐकत नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो: सिगारला चव असते, बिडीलाही असते. आमच्या अकोल्याच्या घरी आबाजींच्या बंडीच्या खिशात बिडीचं बंडल असायचं. टेंभुर्णीच्या पानाचा आणि उन्हात वाळलेल्या तंबाखूचा तो वास मला आजही ओळखता येतो आणि तो मला आवडतो, कारण तो आबाजींचा वास आहे.

पण ही चव येते कुठून, तेही बघू. जिभेला ढोबळमानाने पाचच चवी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. देवदार, कोको, कॉफी हे सगळं जिभेचं काम नाही, नाकाचं आहे. तोंडातला धूर घशाच्या मागून नाकात चढतो आणि आपल्याला वाटतं जिभेला चव लागली. कॉफी किंवा शेंगदाणे भाजताना जी संयुगं तयार होतात, त्यांच्याच जातीची काही संयुगं जळत्या तंबाखूतही असतात. म्हणून कॉफी ‘लागते’.

आणि ती काळी मिरी? ती चवही नाही आणि वासही नाही. चेहऱ्याच्या एका मोठ्या नसेला, ट्रायजेमिनल नर्व्हला, धूर आणि निकोटिन टोचतात. ती झणझण म्हणजे त्या नसेची तक्रार आहे. शौकीन लोक तिला दाद देतात.

आता मला एक सांगा. आयुष्यातला पहिला झुरका तुम्हाला आवडला होता का? ठसका लागला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, कदाचित चक्कर आणि मळमळही. चव तेव्हाही हीच होती. मग पुढे ती आवडायला कशी लागली? धूर छातीत घेतला की १०-२० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि तिथे बक्षीस मिळाल्याची भावना निर्माण करतं. मेंदू त्या बक्षिसाची सांगड त्या वेळच्या वासाशी, चवीशी, जेवणानंतरच्या वेळेशी, आगपेटीच्या आवाजाशी घालून ठेवतो. आधी निकोटिनने जागा केली, मग चव आवडू लागली.

विश्वास बसत नसेल तर साधी परीक्षा करा. मोर्शी-वरूडच्या संत्र्यांवर आपला किती जीव! पण बहार संपला म्हणून कुणी बायकोवर खेकसलंय? संत्री मिळाली नाहीत म्हणून रात्री अकरा वाजता मोटारसायकल काढून पानठेला शोधत कुणी फिरलंय? जी निव्वळ चव असते, तिच्यावाचून माणूस शांत राहू शकतो. जिच्यावाचून चिडचिड होते, हात कापतात, लक्ष लागत नाही, तिला वैद्यकशास्त्रात दुसरं नाव आहे.

मुरण्यातच मेख आहे

क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांत आहे. तिथला तंबाखू जगात नावाजलेला. पानं तोडतात, हवेशीर कोठारात वाळवतात, मग ढीग रचून मुरत घालतात. ढीग आतून तापतो, अमोनिया बाहेर पडतो, पान मऊ होतं, उग्रपणा जातो. लोणचं मुरावं तसं. चवीचे शौकीन याच मुरण्याचं कौतुक करतात.

पण याच टप्प्यांवर आणखी काही घडतं. सिगारच्या तंबाखूत नायट्रेट भरपूर असतं. वाळवताना आणि मुरताना सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात आणि ते निकोटिनसारख्या द्रव्यांशी जुळून नायट्रोसमाइन्स नावाची संयुगं तयार होतात. तंबाखूतल्या सगळ्यात घातक कर्करोगकारक पदार्थांमध्ये त्यांची गणना होते. ज्या प्रक्रियेतून चव येते, त्याच प्रक्रियेतून हे विषही येतं. ‘चव तेवढी ठेवा, बाकीचं काढून टाका’ अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

“पण मी धूर आत घेतच नाही!”

सिगारवाल्यांचा हा हुकमी एक्का. याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण ते खर्रा खाणाऱ्यांनाही लागू आहे.

सिगारेटचा धूर साधारण आम्लधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. मुरवलेल्या तंबाखूच्या सिगारचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या, जिभेच्या नाजूक अस्तरातून थेट रक्तात जातं. छातीत ओढायची गरजच नसते. ‘मी आत घेत नाही’ हा तुमचा संयम नाही. तुमचं काम तोंडातच होऊन जातं, एवढाच त्याचा अर्थ. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. छोट्यात कमी असतो, पण तोही एका सिगारेटपेक्षा जास्तच.

आता आपल्या पानठेल्यावर या. पन्नीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा बनतो. त्यात चुना कशासाठी? चुना अल्कधर्मी आहे. तो तेच करतो, जे सिगारच्या पानात मुरण्याने होतं: निकोटिन मोकळं करून गालातून आत ढकलतो. चुना लावणे या वाक्प्रचाराचा इतका शास्त्रशुद्ध अर्थ दुसरा सापडणार नाही.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरसाहेब, वऱ्हाडात सिगार ओढतो कोण? बरोबर आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे, लावणारे, चघळणारे २४.४ टक्के. म्हणजे सिगारवाला हाताच्या बोटावर मोजण्याइतका. पण त्याचा युक्तिवाद घरोघरी आहे.

फुफ्फुस वाचवलं तरी जीभ, गाल, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांना तंबाखू भिडतोच. मानसशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव असलेले सिग्मंड फ्रॉइड सिगारचे भक्त होते. १९२३ मध्ये त्यांना जबडा-टाळूचा कर्करोग निघाला. १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तोंडावर ३० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सिगार मात्र सुटला नाही. जगाला मन समजावून सांगणाऱ्या माणसाची ही गत, तिथे तुमची-माझी ‘माझा ताबा आहे’ ही बढाई किती टिकेल?

आपल्याकडचं बघायचं तर आर. आर. पाटील, अर्थात आबा, तोंडाच्या कर्करोगाने २०१५ मध्ये गेले. वय अवघं ५७. शरद पवारांनीही आपल्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल आणि त्यामागच्या सवयीबद्दल जाहीरपणे सांगून तरुणांना सावध केलं आहे. राज्य चालवणाऱ्यांनाही या सवयीने सोडलं नाही.

“बिडी नैसर्गिक आहे, तिला कागद नाही”

हे मी आठवड्यातून चारदा ऐकतो. पान मेळघाटच्या जंगलातलं, तंबाखू शेतातला, रसायन नाही, फिल्टर नाही, म्हणजे शुद्ध! मग धोतऱ्याचं बीही शुद्धच असतं.

बिडीत तंबाखू कमी असतो, साधारण ०.२ ग्रॅम. पण टेंभुर्णीच्या पानाला कागदासारखी छिद्रं नसतात. हवा आत शिरत नाही, म्हणून बिडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला वरचेवर आणि जोरात ओढावी लागते. परिणामी टार आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत भरपूर जातं. बिडी ओढणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळला आहे.

आणि परंपरेचं म्हणाल, तर तंबाखू हे आपलं पीकच नव्हे. तो अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. अकबराच्या अखेरच्या काळात असद बेग नावाच्या सरदाराने विजापूरहून तंबाखू नेऊन बादशहाला नजर केला, तेव्हा दरबारातल्या हकिमाने ‘हे अनोळखी औषध घेऊ नये’ म्हणून विरोध केला होता. म्हणजे आमच्या धंद्याचा तंबाखूशी झगडा चारशे वर्षं जुना आहे. परंपराच पाळायची असेल तर त्या हकिमाचीही पाळा.

“हाताने वळलेला आहे हो!”

कसब खरं आहे. क्यूबाच्या कारखान्यांत कामगार सिगार वळत असताना एक जण मोठ्याने वाचून दाखवतो. ही प्रथा १८६५ पासूनची. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचल्या जायच्या. ‘मॉन्टेक्रिस्टो’ हे सिगारचं नाव त्या कादंबरीवरूनच आलं, असं सांगतात. ऐकून मलाही हेवा वाटतो.

पण कसबाची दाद देण्यासाठी गाल आणि फुफ्फुस द्यावं लागत नाही. आपल्याकडेही गोंदिया-भंडाऱ्यात, सिन्नर-सोलापुरात बायांच्या हातांनी बिडी वळली जाते. सुपात तंबाखू, मांडीवर पोर, हजार बिड्यांमागे मजुरी. तो तंबाखू न ओढताही त्यांच्या नाकातोंडात जातो, कातडीतून शोषला जातो. त्या हातांचं कौतुक करणारी मैफल मी अजून पाहिलेली नाही. तिथे आपण फक्त म्हणतो, “बिड्या फुंकतो साला.”

दोन बिड्यांची गोष्ट

आता जे सांगायला मी बसलो आहे, ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दर्यापूरकडचा एक शेतकरी माझ्याकडे आला. वय ३६. म्हणाला, “साहेब, वावरात धुऱ्यापर्यंत गेलो की पोटरी आवळून येते. बसलो की बरं वाटते.” उजव्या पायाचा अंगठा निळसर, गार. घोट्याजवळची नाडी लागत नव्हती. मधुमेह नाही, ब्लडप्रेशर नाही. दिवसाला २०-२५ बिड्या.

हा बर्जर्स डिसीज. लिओ बर्जर या डॉक्टरांनी १९०८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचं तपशीलवार वर्णन केलं. बहुधा पंचेचाळिशीच्या आतल्या, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांना होतो. हातापायांच्या छोट्या-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, त्यांत गुठळ्या होऊन त्या बंद पडतात. आपल्या देशात बिडीशी त्याचं जवळचं नातं आहे.

मी त्याला नागपूरला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवलं, गोळ्या दिल्या आणि बिडी बंद करायला सांगितलं. तो हात जोडून म्हणाला, “एकदम नाई सुटत साहेब. जीव घाबरते.”

आणि मी म्हणालो, “बरं, दोनवर ये आधी.”

तो आला! पंचवीसवरून दोनवर. खोटं बोलत नव्हता, त्याची बायको साक्षीला होती. मी तिच्यासमोर त्याची पाठ थोपटली. विचारलं, “दोन कधी ओढतोस?” म्हणाला, “जेवल्यावर एक-एक. फक्त चवीपुरती.” मी हसलो. मला वाटलं, ९० टक्के लढाई जिंकली.

आठ महिन्यांनी अंगठा काळा पडला. तो कापावा लागला. पुढच्या वर्षी पाय गुडघ्याखालून गेला.

या आजारात बिड्यांचा हिशेब चालत नाही. दिवसाला एक-दोन ओढल्या तरी रोग पेटता राहतो. पूर्ण, शंभर टक्के बंद, हाच एकमेव भरवशाचा उपाय आहे. बाकी सगळी औषधं त्याच्या मागे. हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. तरीही समोरच्याची दया आली आणि मी त्याला दोन बिड्यांची मुभा दिली.

ऑपरेशननंतर त्याची बायको भेटायला आली. रागावली नाही. फक्त म्हणाली, “साहेब, तुमी म्हणले होते ना, दोन चालते म्हणून?”

त्या माऊलीला मी काय उत्तर देणार होतो? त्याने माझं तंतोतंत ऐकलं होतं. त्याचा पाय गेला तो उरलेल्या दोन बिड्यांत, आणि त्या दोन मी दिलेल्या होत्या.

त्या दिवसापासून त्याने बिडीला हात लावला नाही आणि मी ‘कमी करा’ हा शब्द वापरणं सोडलं. त्याचा दुसरा पाय आज शाबूत आहे. गावात छोटं किराणा दुकान टाकलं आहे. तंबाखूची पुडी तिथे मिळत नाही.

“कधीतरी एखादा, त्याने काय होतं?”

प्रामाणिकपणे सांगतो. वर्षातून एकदा सिगार चाखणाऱ्याला कर्करोग होईलच असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मीच खोटा ठरेन. पण ‘थोडं म्हणजे थोडाच धोका’ हा हिशेब हृदयाच्या बाबतीत सपशेल चुकतो. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो २० ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा!

मग चर्चिल पुढे केले जातात. आयुष्यभर क्यूबन सिगार, तरी ९० वर्षं जगले. खरं आहे. पण त्याच वेळी त्याच देशाचे राजे सहावे जॉर्ज जबर सिगारेट ओढत. १९५१ मध्ये त्यांचं एक फुफ्फुस काढावं लागलं आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये ते ५६ व्या वर्षी गेले. पंतप्रधानांचं उदाहरण सगळ्यांना पाठ, राजाचं कुणालाच नाही.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली, तेव्हाही प्रत्येक वावरात एखादं बोंड टवटवीत होतंच. ते हातात धरून ‘अळी आलीच नाही’ असं कुणी म्हटलं असतं तर तुम्ही त्याला उभं केलं असतं का? नव्वद वर्षं जगलेले आजोबा म्हणजे ते एक बोंड. बाकीची बोंडं बोलायला शिल्लक नसतात.

शौकीन आणि व्यसनी

आता माझ्या बिरादरीला दोन शब्द. गरिबाची बिडी हे ‘व्यसन’ आणि श्रीमंताचा सिगार हा ‘शौक’, ही विभागणी कुठल्या पुस्तकात आहे? पेशींना पेटी लाकडाची की बंडल कागदाचं हे कळत नाही. आम्ही डॉक्टर बिडीवाल्याला ओपीडीत झापतो आणि सिगारवाल्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतो. त्या लॉनवर वाढप करणारी कॉलेजची पोरं ते बघत होती. दोन डॉक्टर हसत उभे आहेत म्हणजे वाईट काही नसावं, असंच त्यांना वाटलं असणार. आमचं गप्प बसणं हीसुद्धा जाहिरात आहे.

हातात सिगार घेतलेले फिडेल कॅस्ट्रो जगाने पाहिले. त्यांच्या देशाच्या तिजोरीला सिगारचा पैसा हवाच होता. तरीही १९८५ मध्ये त्यांनी स्वतः सिगार सोडला, कारण जनतेला सोडायला सांगायचं तर आधी स्वतः सोडला पाहिजे. ज्याच्या अंगणात जगातला उत्तम तंबाखू पिकतो त्याने सोडला, आणि आपण अमरावतीच्या लॉनवर त्याची चव समजावून घेतोय!

गाडगेबाबा इथलेच, आपल्या जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या वडिलांचा संसार दारूने बुडाला होता. कीर्तनात ते उपदेश कमी करायचे, प्रश्न जास्त विचारायचे आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढायचे. मीही एवढंच विचारतो: तुमचा मुलगा उद्या म्हणाला, ‘बाबा, फक्त चवीपुरती’, तर तुम्ही त्याला आगपेटी द्याल?

मग चवीचं काय?

गंमत म्हणजे चवीसाठी तंबाखू सोडायला हवा. धुराने नाकाच्या वास ओळखणाऱ्या पेशी बोथट होतात. सोडल्यावर काही दिवसांत, काही आठवड्यांत नाक पुन्हा जागं होऊ लागतं. दीड महिना बिडी सोडलेले एक काका मला म्हणाले, “साहेब, वरणात हिंग हाय हे आता समजते. बुढी इतके वर्ष टाकत होती, मले माईतच नोतं!”

भाजल्याची ती खमंग चव हवी ना? हिवाळ्यात हुरडा भाजा. गोवऱ्यांवर रोडगे करा, वांग्याची भाजी करा. चांगली कॉफी प्या. तोच खमंगपणा, आणि कुणाचा पाय जात नाही.

सोडायचं कसं?

१. तारीख ठरवा, घरच्यांना सांगा आणि त्या दिवशी पूर्ण बंद करा. ‘चवीपुरती’ एकही शिल्लक ठेवू नका. आगपेटी, बंडल, पुडी, पेटी सगळं घराबाहेर.

२. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण असतात. चिडचिड, डोकेदुखी, झोप मोडणं होतं. दोन-चार आठवड्यांत ओसरतं. हा आजार नाही, सुटका आहे.

३. तलफ आली की ती काही मिनिटंच टिकते. पाणी प्या, बडीशेप चघळा, एक फेरी मारा. सुपारी मात्र नको, ती स्वतःच कर्करोगकारक आहे.

४. जेवणानंतरची वेळ सगळ्यात धोक्याची. ताटावरून उठून थेट दात घासा किंवा शतपावलीला निघा.

५. जमत नसेल तर डॉक्टरांकडे या. निकोटिनचं च्युइंगगम आणि काही गोळ्या उपयोगी पडतात, पण मात्रा डॉक्टरांना विचारून. बर्जर्सच्या रुग्णांनी तर निकोटिन गमसुद्धा स्वतःच्या मनाने घेऊ नये. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६.

६. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडल्यावर स्वतःची तीन बोटं उभी मावत नसणं, चालताना पोटरी आवळणं, पायाचं बोट गार किंवा निळं पडणं, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

‘आता या वयात सोडून काय फायदा’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून ५० वर्षं चाललेल्या अभ्यासात दिसलं की आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी सुमारे १० वर्षं आधी गेले. ज्यांनी सोडली, त्यांनी यातली काही वर्षं परत मिळवली: साठीत सोडली तर सुमारे ३, पन्नाशीत ६, चाळिशीत ९, आणि तिशीत सोडली तर जवळपास सगळी १०.

ओपीडीतल्या त्या बाबाजींना मी परत बोलावलं. या वेळी ओरडलो नाही. लॉनवरची हकीकत सांगितली, दर्यापूरच्या पायाचीही सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग खिशातून बंडल काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “पायतो जी.” सुटली की नाही, हे पुढच्या तपासणीत कळेल.

आणि सिगारवाल्या मित्राला फोन केला. म्हटलं, “त्या दिवशी मी गप्प बसलो, ती माझी चूक होती. पेटी छान आहे. रिकामी करून तिच्यात काहीतरी दुसरं ठेव.” तो हसला, विषय बदलला. बदलू दे. माझ्याकडून जे सांगायचं राहिलं होतं, ते सांगून झालं. तुमच्या आसपास कुणी ‘फक्त चवीपुरती’ म्हणत असेल, तर तुम्हीही गप्प बसू नका.